दशमांश देताना जीव तुटतो, मग संतोष कुठून आणायचा?

जय ख्रिस्त बाळ. तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी परत वाचला. तू लिहिलंयस की मिस्टर शिरोलीला फौंड्रीत आहेत, पगार ७ तारखेला होतो, घराचा हप्ता, पोराची फी, सासूबाईंची औषधं हे सगळं भागवून महिन्याच्या शेवटी दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, काढायचा म्हटलं की घरात वाद होतो. त्यात तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भक्ती संपताना कुणी किती दिलं ते नावानिशी वाचून दाखवतात, मागच्या महिन्यात तुमचा आकडा कमी होता आणि तुला मान वर करून बाहेर येता आलं नाही. आणि उपदेशात सांगतात संतोषाने द्या. तुझं विचारणं असं की संतोष येतच नाही तर द्यायचं बंद करू का, आणि मनात नसताना चेहरा हसरा ठेवून दिलं तर ते ढोंग नाही का.

मी पाळक नाही हे आधीच सांगतो. कोल्हापुरातल्या एका मराठी मंडळीचा मी २४ वर्षं खजिनदार होतो, म्हणजे दर रविवारी भक्तीनंतर मागच्या खोलीत मंडळीचा कारभार बघणाऱ्या दोन पंचांबरोबर बसून दान मोजायचं, रजिस्टरला लिहायचं, सोमवारी बँकेत भरायचं. त्यामुळे दान हा विषय मी व्यासपीठावरून कमी आणि त्या टेबलावरून जास्त शिकलोय, आणि तिथूनच जे कळलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे देणं बंद करू नकोस, आणि खोटं हसूही नकोस. तुझी गडबड मला तिसऱ्याच ठिकाणी दिसते. तू शेवटी देतेस. सगळं भागवून जे उरतं त्यातनं काढतेस, आणि उरलेल्यातला रुपया नेहमी जड असतो कारण तो रुपया सोडला की हातात काहीच राहत नाही. त्याला हसऱ्या मनाने सोडणं कुणालाही अवघड जाईल, मलाही गेलं.

हे मला एका मावशींनी शिकवलं. लक्ष्मीपुरीत भाजी विकायच्या, आता प्रभूत निजल्यात. त्यांचं दान बहुतेक सगळं दहा-दहाच्या नोटांत आणि चिल्लरमध्ये असायचं, नोटांना कोथिंबिरीचा वास आणि कडेला ओलसरपणा, पण प्रत्येक नोट सरळ केलेली, सगळ्यांची तोंडं एका बाजूला, वर रबर लावलेलं. मोजताना आम्हाला कुणाचं आहे ते विचारावं लागायचं नाही. एकदा मी त्यांना म्हणालो, मावशी रोजचा एवढा धंदा नाही तुमचा, कसं जमवता. त्या म्हणाल्या, बोहनीचे पैसे आहेत ते. सकाळी पहिलं गिऱ्हाईक जे देतं ते कपाळाला लावायचं आणि कमरेच्या पिशवीत न टाकता वेगळ्या डब्यात टाकायचं, मग ते दहा असोत का पन्नास. मग म्हणाल्या, "बोहनीचा पैसा द्यायला काय बी वाटत न्हाई, दिवस तर अजून हुबा हाय की. संध्याकाळच्या गल्ल्यातनं काढायचं म्हटलं असतं तर एक रुपाया निघाला नसता माझ्याच्यानं."

दिवस अजून उभा आहे. नीतिसूत्रे ३:९ मध्ये उत्पन्नाच्या प्रथमफळाने परमेश्वराचा सन्मान कर असं लिहिलंय त्यावर मी कितीतरी उपदेश ऐकले होते, पण प्रथमफळ म्हणजे बोहनी हे मला त्या दिवशी कळलं. पहिलं देणारा माणूस पुढचं येईल या भरवशावर देतो, आणि शेवटचं देणारा माणूस आता संपलं या भीतीत देतो. रक्कम तीच असली तरी मन वेगळं असतं.

आता वचनाकडे ये. पौल प्रेषिताने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र, २ करिंथ ९:७, "प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा देणे भाग पडते म्हणून देऊ नये, कारण संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो." आपण सगळे शेवटचा तुकडा पाठ करतो आणि पहिला सोडून देतो. पौलाने पहिला शब्द वापरलाय तो ठरवण्याचा आहे. संतोष नंतर येतो. आणि ठरवायचं कुठं, तर आपापल्या मनात, म्हणजे पंचांच्या मनात नाही, शेजारच्या बाकावरच्याच्या मनात नाही, यादी वाचणाऱ्याच्या तर नाहीच नाही.

हे पत्र कशासाठी लिहिलं ते बघितलं की अजून उलगडतं. यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल वर्गणी गोळा करत होता. करिंथच्या लोकांनी आदल्या वर्षी होय म्हटलं होतं आणि मग ते रेंगाळलं, आपल्यात होतं तसंच. तिकडे मासेदोनियातल्या मंडळ्यांनी, म्हणजे फिलिप्पै, थेस्सलनीका वगैरे भागातल्या लोकांनी, स्वतःची परिस्थिती अगदी हलाखीची असताना आपणहून मागे लागून दिलं. तरीपण पौल करिंथकरांना काय म्हणतो बघ, ८ व्या अध्यायात स्पष्ट सांगतो की मी हुकूम म्हणून बोलत नाही, आणि पुढे म्हणतो की ज्याच्याजवळ जसं आहे तसं मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. आणि तीत या आपल्या सोबत्याला व दुसऱ्या भावांना तो आधीच पाठवतो, का तर आपण येऊ तेव्हा ऐनवेळी ओढून काढल्यासारखं होऊ नये, देणगी आधीच तयार असावी. म्हणजे ऐनवेळी मागितलं की माणूस कुढत देतो हे पौलालाही माहीत होतं आणि त्याने त्यावर उपाय केला तो वेळेचा केला.

संतोष या शब्दाबद्दल थोडं बोलतो कारण तुझं ढोंगाचं दुखणं तिथंच आहे. मूळ ग्रीकमध्ये हिलारोस असा शब्द आहे, इंग्रजीतला हिलॅरियस त्याच्यापासनंच आला, त्यामुळे काहीजण सांगतात की देताना खदखदून हसावं असा अर्थ आहे. मला ते पटत नाही. त्या काळी त्या शब्दात प्रसन्न, तयार, मोकळ्या मनाचा असा अर्थ होता, आणि आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, संतोष हा शब्द घातलाय तो फार नेमका बसलाय असं मला वाटतं. संतोषाला हसू लागत नाही. रात्री जेवण झाल्यावर आई भांडी आवरून उंबऱ्यात बसते, दमलेली असते, तोंडावर हसू नसतं, पण सगळी जेवली म्हणून तिच्या मनात जे असतं तो संतोष.

म्हणून तुझा प्रश्न, मन नसताना दिलं तर ढोंग का. तू पहाटे पाचला उठून मिस्टरांचा डबा करतेस ना, रोज काय उमाळा येऊन करतेस का? थंडीत अंथरूण सोडवत नाही, तरी उठतेस, कणीक मळायला लागलीस की हळूहळू मन कामात येतं, एखाद्या दिवशी येतही नाही. कुणी तुला म्हणेल का की हे ढोंग आहे? प्रेम आधी ठरलेलं असतं, भावना मागनं येतात. ढोंग कधी होतं, तर मनात शिव्या चालू असताना लोकांनी बघावं म्हणून तोंड गोड करतो तेव्हा. तू देवाजवळ खरं बोल, प्रभू आज जड जातंय, तरी मी ठरवलंय म्हणून देतेय. ही प्रार्थना मी स्वतः वर्षभर केली आहे.

ते वर्ष सांगतो, कारण ते लपवून तुला शिकवणं बरोबर होणार नाही. मुलीचं ऑपरेशन झालं होतं, कर्ज काढलं होतं, आणि मी खजिनदार असल्यामुळे माझा आकडा कमी दिसता कामा नये असं माझ्या डोक्यात बसलेलं. दर महिन्याला पूर्वीचीच रक्कम भरत होतो आणि घरी दुकानदाराची उधारी वाढत होती. मोजायला बसलो की दुसऱ्यांची पाकिटं बघून मनात हिशोब चालायचा, याचा पगार एवढा आणि दान एवढंच. त्या वर्षात मी दिलं भरपूर आणि मला एका रविवारी सुद्धा आनंद झाला नाही, उलट माणसांकडे बघायची माझी नजर बिघडली. शेवटी बायकोने वही समोर ठेवली. म्हणाली, देवाला देताय का रजिस्टरला? त्या रात्री आम्ही दोघांनी खरा आकडा काढला, पूर्वीच्या निम्म्याहून कमी. मला लाज वाटली, पण पुढच्या रविवारी ते पाकीट टाकताना कितीतरी दिवसांनी छाती हलकी झाली. कर्ज फिटलं तसा आकडा परत वाढवला, तोही दोघांनी बसूनच.

यावर काही पाळक मला म्हणाले की दशमांश म्हणजे दहावा भाग, त्याच्या खाली जायचं नाही. त्यांचा आदर ठेवून मी माझं मत सांगतो. दहावा भाग ही चांगली खूण आहे, हात आखडायला लागला की ती खूण आपल्याला जागं करते. पण नव्या करारात मंडळीला टक्केवारी लावून दिलेली नाही, मनात ठरवल्याप्रमाणे असंच आहे, आणि मिळकतीप्रमाणे असं आहे. काहींना दहावा भाग म्हणजे फार थोडं होईल, त्यांनी तिथं थांबू नये. काहींना आज तेवढं झेपत नाही, त्यांनी देवाला तोंड चुकवू नये. मलाखी ३:१०, म्हणजे सगळा दशमांश भांडारात आणा हे वचन, वाचून जे घाबरवतात त्यांनी नहेम्याचा १३ वा अध्याय पण वाचावा, तिथं लोकांनी दशमांश न आणल्याने लेवी मंदिराची सेवा सोडून शेतावर पोटामागे गेले होते असं दिसतं. भांडार भरायचं ते माणसं जगवायला. आणि अनुवाद १४ मध्ये तर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातल्या वेशीच्या आत ठेवायचा, लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी येऊन पोटभर खावं म्हणून, असं आहे. यात वसुलीचा वास कुठं आहे?

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, कर्ज काढून दान देऊ नका. आणि "आज हजार द्या, देव दहा हजार करून देईल" असं कुणी सांगितलं तर तिथं पाकीट उघडू नका. देवाचं काम म्हणजे भिशी नाही, नंबर लागला की रक्कम उचलायची. देव सांभाळतो हे मी आयुष्यभर बघितलंय, पण मावशींनी त्या डब्यात टाकलेल्या दहाच्या नोटा कधी शंभराच्या होऊन आल्या नाहीत आणि त्यांनी त्या आशेने टाकल्याही नव्हत्या.

आता यादी वाचण्याबद्दल. माझ्या मते ते चूक आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभूने सांगितलं, आणि आपण ते माईकवर सांगतो. लोकांना उत्तेजन मिळावं म्हणून करतात हे मला माहीत आहे, हेतू वाईट नसेलही, पण होतं काय की कमी पगाराची माणसं त्या रविवारी यायचंच टाळतात. आमच्याकडं पण पूर्वी वाचायचे. नंतर आम्ही पाकिटांना नंबर दिले, पावती ज्याची त्याला, आणि दर तीन महिन्यांनी फक्त जमाखर्च बोर्डावर, नावं कुणाचीच नाहीत. लाइटबिल एवढं, पाळकसाहेबांचा पगार एवढा, गरीब फंडातून किती घरांना किती, शिल्लक एवढी. पहिल्या तीन महिन्यांत दान थोडं उतरलं हे खरं आहे, पंच माझ्याकडं बघायला लागले. मग हळूहळू वाढलं, आणि जी माणसं कधी देत नव्हती त्यांची पाकिटं यायला लागली.

हिशोब दिसणं याला लोक फार कमी किंमत देतात. पैसा कुठं जातो ते कळत नसेल तर मन मोकळं होणारच नाही, त्यात तुझा विश्वास कमी आहे असं समजू नकोस. पौलाने स्वतः ती वर्गणी एकट्याने नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, कुणी दोष ठेवू नये म्हणून, ते पण त्याच ८ व्या अध्यायात आहे. तेव्हा तुम्ही दोघं पंचांना भेटायला जा, शांतपणे, व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहू नका. दोनच गोष्टी मागा, नावं वाचणं थांबवा आणि जमाखर्च लावा. लगेच ऐकतील असं नाही. वार्षिक सभेत परत विचारा.

मार्क १२ मध्ये प्रभू भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते बघत होता असं लिहिलंय. कसे टाकतात. आम्ही खोलीत बसून किती एवढंच बघू शकत होतो, २४ वर्षं तेच केलं, म्हणून हा शब्द वाचला की मी अजूनही थांबतो. तिथं एका गरीब विधवेने टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी बारीक नाणी, आमच्या रजिस्टरला चिल्लर या रकान्यात गेल्या असत्या.

आणि दानाबद्दल खोटं बोलून जागीच मेलेल्या हनन्या-सप्पीरा या नवरा-बायकोची गोष्ट ऐकून तू घाबरली असशील तर नीट वाच, कृत्ये ५. पेत्र त्याला म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. कमी दिलं म्हणून काही झालं नाही, थोडं देऊन सगळं दिलं असं दाखवलं तिथं बिघडलं. तू कमी आकडा खरा म्हणून दिलास, तू त्यांच्या बाजूची नाहीस.

२०१९ चा महापूर तुला आठवत असेलच. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांवर गेलेलं, हायवे शिरोलीजवळ बंद, दूध नाही, भाजी नाही, पेट्रोल नाही. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये पूरग्रस्त घरं राहायला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पायरीवर भाकऱ्यांची चवड, फडक्यात बांधलेली, वर खर्डा, कुणी ठेवली माहीत नाही, ख्रिस्ती घरातली का हिंदू का मुसलमान काही कळायला मार्ग नाही. आठवडाभर तसंच चाललं. ज्यांच्या स्वतःच्या घरात पीठ संपत आलं होतं त्या बायका भाकरी थापत होत्या आणि गप्पा मारत हसत होत्या. त्या आठवड्यात संतोषाने द्या असं कुणी कुणाला सांगितलं नाही. गरज दारात उभी होती, तिला तोंड होतं, नाव होतं. आपल्या दानाला तोंड राहत नाही, ते नुसतं पाकीट होतं, तेव्हा ते बिलासारखं वाटायला लागतं. म्हणून माझं सांगणं, मंडळीचं दे, पाळकांचं घर चालायला पाहिजे, पण ठरवलेल्यातला छोटा हिस्सा एखाद्या ओळखीच्या गरजेसाठी ठेव, शेजारच्या पोराची वह्या-पुस्तकं, एखाद्या आजीची गोळ्यांची पट्टी. आणि हे पोराला बरोबर घेऊन कर.

हे काही आपल्याकडं नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे, त्यांनी वसतिगृहातल्या पोरांसाठी मुष्टिफंड चालवला, घराघरात दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं. तिकडे मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका भात शिजवायच्या आधी मूठभर तांदूळ देवासाठी वेगळा काढतात, शंभर वर्षांहून जास्त झाली, आणि त्या मुठींवर त्यांच्या मंडळ्यांचं मोठं काम उभं आहे. दोन्हीकडं मूठ शिजवण्याआधी निघते. जेवून उरलेल्यातली नाही.

आपल्या जुन्या लोकांना हे जड का गेलं त्यालाही कारण आहे. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले, नंतर शाळा झाल्या, चर्च झाली, १८९४ ला मिरजेला वॉनलेस साहेबांचा दवाखाना उभा राहिला, हे सगळं अशा लोकांच्या दानातून आलं ज्यांनी कोल्हापूर कधी बघितलं नव्हतं. माझ्या आज्यापर्यंत मिशन देतं आणि आपण घेतो अशीच सवय होती, मग मंडळी स्वतःच्या पायावर उभी करायची वेळ आली तेव्हा देणं लोकांना पट्टी बसवल्यासारखं वाटलं, आणि पट्टी म्हटलं की यादी आलीच. मला कधी जड वाटलं तर मी त्या न बघितलेल्या माणसांचा विचार करतो, त्यांनी माझ्या आज्याला शिकवण्यासाठी दिलं. १ इतिहास २९ मध्ये दावीद म्हणतो तेच, तुझ्याच हातचं तुला दिलं.

उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायला दिलेल्या दानाच्या, पाकिटांवर लोक एक ओळ लिहितात, ती वाचणं हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग होता. मुलगी दहावी पास. म्हैस व्याली. सहा महिन्यांनी काम लागलं. एका पाकिटावर नुसतं "रात्री झोप लागली" एवढंच होतं, आत वीस रुपये. आम्ही तिघं थोडा वेळ काही बोललो नाही. तुझ्या दर महिन्याच्या पाकिटात पण एक अशी चिठ्ठी टाक, कुणी वाचो न वाचो. कारण शोधायला बसलीस की देण्याआधीच मन वळायला लागतं.

तर आता ७ तारखेला पगार झाला की त्याच रात्री, हप्त्याच्या आधी, दोघं बसा. आकडा मिस्टरांना आधी बोलू दे, तू गप्प ऐक, ते ओव्हरटाइम करून आणतात त्यांना पहिला शब्द मिळू दे. त्यांनी कमी सांगितला तरी त्या रात्री तोच घे, त्यांना न सांगता डब्यातनं वरचे घालू नकोस, त्यातनं दुसरंच दुखणं उभं राहतं. पाकिटात घाल, चिठ्ठी घाल, बंद कर, आणि शास्त्रात ठेवून दे. सहा महिन्यांनी परत बसा. मधल्या काळात यादीत नाव आलंच तर येऊ दे, आणि पंचांकडं जायचं ते त्यांच्याशी आधी फोन करून, चहाच्या वेळेला जा.